हिरण्यकेशीच्या काठाने: आंबोली ते गडहिंग्लज

सोमवार

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, कोल्हापूर सोडायला पावणेआठ वाजले. विद्यापीठाच्या गाडीत माणसांपेक्षा सामान जास्त. जाळ्या, पांढरे प्लॅस्टिकचे ट्रे, खोकी भरून काचेच्या बाटल्या, बर्फाची पेटी, गमबूट, आणि एका कुलूपबंद लोखंडी पेटीत स्पिरिट. त्या पेटीवर मी पाय टेकवले तशी भाची म्हणाली, “मामा, तेवढं सोडून कुठेही पाय ठेवा. त्याचा परवाना माझ्या नावावर आहे.” किडे स्पिरिटमध्ये टिकवावे लागतात आणि स्पिरिट आणायचं म्हणजे उत्पादन शुल्क खात्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

भाची नद्यांच्या तळाशी राहणाऱ्या किड्यांवर काम करते. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नदी म्हटली की मला क्युसेक, पूररेषा आणि बंधाऱ्याचे गाळे आठवतात. तिच्या विद्यार्थ्यांपैकी एकजण ऐनवेळी आजारी पडला आणि गाडीत जागा झाली. “नोंदी तरी लिहाल,” या बोलीवर मला घेतलं.

काम असं: हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, पूर्वेला आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरकडे कर्नाटकात शिरते आणि घटप्रभेला मिळते. घटप्रभा पुढे कृष्णेला. उगमापासून गडहिंग्लज तालुक्यापर्यंत ठरलेल्या जागी नदीत उतरायचं, दगड उलटायचे आणि खाली कोण राहतं ते बघायचं. पावसाळा ओसरल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

निपाणी, उत्तूर, आजरा. दिवाळी होऊन गेलेली, भाताची कापणी चालू. आजऱ्यात चहाला थांबलो, तिथं दुकानदारानं घनसाळ पुढं केला. या तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून भावही मानांकन मिळाल्यासारखाच आहे. तरी पाच किलो घेतला. आंबोलीत पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि समोरचा माणूस दिसत नव्हता इतकं धुकं. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस घेणारं हे गाव नोव्हेंबरातही पुरतं कोरडं होत नाही.

मंगळवार

सकाळी उगमावर गेलो. महादेवाच्या देवळामागं गुहा आहे, तिच्यातून पाणी येतं आणि समोरच्या कुंडात साठतं. हिरण्यकेशी हे पार्वतीचं नाव. या कुंडातल्या बोटाएवढ्या, अंगावर पट्टे असलेल्या, तळाला चिकटून राहणाऱ्या माशाची 2020 मध्ये शास्त्रीय नोंद झाली: शिस्टुरा हिरण्यकेशी. गावात त्याला देवाचा मासा म्हणतात. पुढच्याच वर्षी सरकारनं देवळाभोवतीची 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. एवढ्या जागेत आम्ही कधी साधं गोडाऊनही बसवलं नसतं.

कुंडात कुणीही जाळं घातलं नाही. पुजाऱ्यांना नमस्कार करून, काठावर उकिडवं बसून नुसतं पाहिलं. बराच वेळ काही दिसेना. मग एका विद्यार्थिनीनं बोट दाखवलं. दगडाच्या कडेला सावली वाटत होती ती सावली हलली, वीतभर पुढं सरकली आणि पुन्हा दगड झाली. तेवढंच.

खरं काम खाली, रानातल्या ओढ्यात. परवानगीचे कागद वनरक्षकाला दाखवले, गमबूट चढवले. एक फूट बाय एक फुटाची धातूची चौकट असते, तिला मागं जाळीची पिशवी. सर्बर सॅम्पलर म्हणतात. चौकट वाहत्या पाण्यात तळावर दाबून धरायची, आतला एकेक दगड हातानं चोळायचा, निसटलेले जीव प्रवाहासोबत पिशवीत जातात. एक चौरस फूट नदी. ती पुरी व्हायला वीस मिनिटं लागली आणि बोटं बधिर झाली, कारण पाणी भलतंच गार होतं.

मग ट्रे. पिशवीतला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला तर मला दिसला नुसता पालापाचोळा आणि वाळू. “थांबा जरा,” भाची म्हणाली. मिनिटभरानं पाचोळा चालायला लागला. एक काडी उठून ट्रेच्या कडेला निघाली. भिंग लावून बघितलं तर ती काडी नव्हती, पानाचे चौकोनी तुकडे एकावर एक डकवून केलेली नळी होती, आणि नळीच्या तोंडातून सहा पाय आणि एक तपकिरी डोकं बाहेर आलं होतं. कॅडिसफ्लाय नावाच्या, पतंगासारख्या दिसणाऱ्या किड्याची अळी. तोंडातून रेशीम काढते आणि हाताला येईल ते चिकटवून घर बांधते. शेजारी तिचीच दुसरी जात होती, तिनं वाळूचे कण निवडून घेतले होते. कण सगळे जवळपास एका मापाचे. चाळणी कुठली वापरली कोण जाणे. आमच्या साइटवर एवढी एकसारखी वाळू आणायला कंत्राटदाराशी भांडावं लागायचं.

चिमट्यानं एकेक जीव उचलून बाटलीत टाकायचा, हे तांदूळ निवडण्यासारखं काम. फरक एवढाच की इथं खडे ठेवायचे आणि तांदूळ फेकायचे. मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पिल्लं सापडली: तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, आणि ते सतत हलत. अंग इतकं चपटं की दगडाला चिकटल्यावर वरून पाणी निघून जावं. दोन शेपट्यांचा स्टोनफ्लाय एकच मिळाला, पण त्यानं टीमचा चेहरा खुलला. आणि दगडाच्या खालच्या अंगाला तांबूस गोल ठिपका होता तो नखानं सुटेना. तो एका भुंग्याची अळी निघाला. वॉटर पेनी म्हणतात, आणि खरंच जुन्या पैशाएवढा आणि तसाच दिसतो.

एवढी उठाठेव कशासाठी, असं मी विचारलं. पाणी बाटलीत भरून तपासलं की संपलं. तिचं उत्तर मला पटलं. बाटली त्या क्षणाचं पाणी सांगते. काल रात्री कुणी काही सोडलं आणि पहाटेपर्यंत वाहून गेलं तर बाटलीला ते कळत नाही. पण हे पिल्लू कित्येक आठवडे, काही जाती तर महिनोन् महिने याच दगडाखाली काढतात. मधे एक रात्र जरी वाईट गेली तरी ते इथं नसतं. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात यावर गुणांची पद्धत बसवली, किड्याच्या प्रत्येक कुळाला एक ते दहा गुण. चपट्या मेफ्लायला दहा, स्टोनफ्लायच्या या कुळाला दहा, गाळातल्या गांडुळवर्गीयांना एक. ओढ्यात सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करायची. आपल्याकडची कुळं थोडी वेगळी, म्हणून तक्ता जसाच्या तसा चालत नाही, जुळवून घ्यावा लागतो. तिची निम्मी पीएचडी त्या जुळवण्यातच गेली.

दुपारी पानांच्या पिशव्या बांधल्या. जांभळाची वाळलेली पानं वजन करून जाळीच्या पिशव्यांत भरलेली, काही पिशव्यांची जाळी मोठ्या भोकाची, काहींची अगदी बारीक. त्या ओढ्यात दगडांना बांधायच्या आणि काही आठवड्यांनी काढून पुन्हा वजन करायचं. मोठ्या भोकाच्या पिशवीत किडे शिरतात, बारीकमध्ये फक्त बुरशी आणि जिवाणू. दोन्हीतला फरक म्हणजे किड्यांनी खाल्लेलं. 1980 मध्ये रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी मांडलं की नदी ही उगमापासून मुखापर्यंत सलग बदलत जाणारी व्यवस्था आहे: वर झाडांची सावली, म्हणून पानं फाडून खाणारे जास्त, मधे ऊन पोचतं, म्हणून दगडावरचं शेवाळ खरवडणारे, खाली गाळातले बारीक कण गोळा करणारे. पण ते मांडताना डोळ्यासमोर होती समशीतोष्ण हवा आणि एकदम होणारी पानगळ. आपल्या सदाहरित रानात गळ तशी एका हप्त्यात होत नाही, आणि उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ ओढ्यांत पानं फाडणारे किडे कमीच भरतात. मग पानं कोण खातं? काही प्रमाणात खेकडे, असा संशय आहे. एक विद्यार्थी पिशवी बांधत होता तेव्हा एका खेकड्यानं त्याचा अंगठा धरला. पुरावा म्हणून तो ग्राह्य धरला गेला नाही.

रात्री खोलीवर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं काम. मीटर आहे त्यांच्याकडे, पण मीटर तपासायलाही जुनी विंकलरची रीत लागते. 1888 ची आहे, अजून हलत नाही. बाटलीत पाणी भरताना एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनस सल्फेट, मग अल्कली आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. एवढं नदीकाठी उरकतात. खोलीवर आल्यावर आम्ल घालून साका विरघळवायचा, पाणी पिवळं होतं, स्टार्च घातलं की गडद निळं, आणि मग ब्युरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट. एका थेंबाला निळा रंग जातो. तो थेंब कुठला ते ओळखण्यात कसब. उगमाजवळच्या बाटल्यांमधला साका कोकमासारखा दाट होता, असं मी वहीत लिहिलं. भाचीनं ते खोडून आकडा लिहायला लावला.

बुधवार

सड्यावर. जांभ्याचं उघडं पठार, मातीचा थर बोटभर, तोही खाचाखोचांत. पावसाळ्यात इथं हजारो डबकी साठतात आणि पाऊस गेला की आटतात. आम्ही गेलो तेव्हा गवत पिवळं पडलेलं, डबक्यांच्या जागी भेगाळलेल्या काळ्या मातीचे चट्टे. माझ्या मते तिथं बघायला काही नव्हतं. त्यांनी मात्र चमच्यानं ती कोरडी माती खरवडून कागदी पाकिटांत भरली, वर जागा आणि तारीख.

त्या मातीत अंडी असतात. फेअरी श्रिंप नावाचे, उलटे पोहणारे, जवळपास पारदर्शक जीव डबक्यात पाणी असेतोवर झटपट वाढतात, अंडी घालतात आणि डबकं आटलं की मरतात. अंडी मात्र उन्हाळाभर तापल्या खडकावर टिकतात. एका पोरानं मोबाइलवर चित्रफीत दाखवली: गेल्या खेपेची माती, प्रयोगशाळेत पाणी घातलेली, आणि तीत टिचकीएवढ्या हालचाली. काही अंडी पहिल्या पाण्याला फुटतच नाहीत, दुसऱ्यातिसऱ्याची वाट बघतात. पहिला पाऊस दगा देतो हे ज्या जीवाला कळलं त्याचं कौतुक कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला वाटेल.

आंबोली टोड हा बेडूकही याच सड्याचा, 2009 मध्ये नोंदवलेला आणि जगात आंबोलीच्या परिसराबाहेर कुठं माहीत नसलेला. तो पावसाच्या तोंडाशी जांभ्यावरच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. डबकं आटायच्या आत बेडूकमासे मोठे व्हावे लागतात. नेमक्या त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्या सड्यावर चढतात.

दुपारी डबा खाताना मी एक मुद्दा काढला, जुन्या सवयीनं. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांत नदीचं पात्र येत नाही, भातखाचर येत नाही, सिंचनासाठी किंवा पिण्यासाठी मुद्दाम बांधलेला तलाव येत नाही. म्हणजे या दौऱ्यात आपण बघणार त्यातलं बहुतेक पाणी कागदावर पाणथळ नाहीच. भाची म्हणाली, “किड्यांना नियम वाचता येत नाहीत हे एक बरं आहे.” सडा तरी त्यात बसतो का, यावर मग तासभर वाद झाला. तो इथं लिहीत नाही, कारण दोन्ही बाजूंना शेवटी डास चावायला लागले म्हणून आम्ही उठलो.

गुरुवार

आंबोली सोडून आजऱ्याला उतरलो. रामतीर्थाजवळ नदी खडकांवरून उड्या घेत जाते, तिथं सकाळचा नमुना. पात्र रुंद झालं, डोक्यावरचं झाड गेलं, दगडांवर शेवाळाचा बुळबुळीत थर आला, आणि ट्रेमधली वस्तीही बदलली. पानांच्या घरातले कमी, शेवाळ खरवडणारे जास्त. जाळं विणणारे कॅडिस तर पोत्यानं. हे घर बांधत नाहीत, दोन दगडांच्या फटीत इवलंसं रेशमी जाळं ताणतात आणि प्रवाह काय आणून देतो त्याची वाट बघत बसतात. व्हॅनोट साहेबांचं इथवर बरोबर, असं विद्यार्थी म्हणाले.

मग साळगावच्या बाजूला बंधारा लागला, आणि माझी पाळी आली. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा: दगडी खांब, खांबांमध्ये गाळे, गाळ्यांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडतं. पावसाच्या तोंडावर बरगे काढायचे, पूर आणि गाळ दोन्ही खालून निघून जातात. पूर्वी बरगे लाकडी असत, दोन रांगांत घालून मधे माती ठोकायची. पुढं लोखंडी आले आणि चोरीलाही जाऊ लागले. साधी गोष्ट आहे, शेतकऱ्याला कळते, गावात दुरुस्त होते. माझ्या नोकरीतली उमेदीची वर्षं याच गाळ्यांत गेली आणि त्याचा मला अभिमान आहे. तो मी बोलूनही दाखवला.

भाचीनं ऐकून घेतलं. मग मला बंधाऱ्याच्या वर नेलं, कंबरभर पाण्यात उभं केलं आणि तळातला एक दगड काढायला लावला. दगडावर मऊ करडा गाळ, बोट फिरवलं तर रेघ उठली. दगडाखालच्या फटी बुजलेल्या. “जाळं विणणाऱ्याला प्रवाह लागतो, मामा. पाणीच उभं राहिलं तर त्याच्या जाळ्यात काय येणार? आणि चपट्या मेफ्लायला दगडाची स्वच्छ पाठ लागते.” इथलं पाणी घाण नव्हतं. बाटलीतला साका चांगला तपकिरी होता. तरी ट्रेमध्ये निवळ पाण्यातले ते दहा गुणांचे जीव नव्हते. होते ते टाचण्यांची (चतुराच्या नात्यातले किडे) पिल्लं, पाणकिडे, गोगलगायी, तळ्यात असावेत तसे. नदी जागेवर होती, पण बरगे पडल्यापासून ती तळ्यांची माळ झाली होती.

मी म्हटलं, ठीक. पण वरच्या चित्री धरणातून उन्हाळ्यात आवर्तन सुटतं आणि ते या बंधाऱ्यांत अडतं म्हणून एप्रिलमध्ये इथं पाणी दिसतं. हे नसतं तर उन्हाळ्यात तू किडे कुठं शोधले असतेस? डबक्यांत? ती म्हणाली, हो, डबक्यांत. पूर्वी तसंच असेल, डोहात थोडे जगत असतील आणि पावसात पसरत असतील. आता डोह मोठे झालेत पण मधली खळखळती जागा गेली. कमी आणि जास्त पाण्याचा हा प्रश्न नाही, चालत्या आणि उभ्या पाण्याचा आहे. मग मी विचारलं, बरगे काढल्यावर ते परत येतात? “येतात. पंख फुटलेले वरच्या ओढ्यांतून उडत येतात. ओढे शाबूत असतील तर.” आणि किती दिवसांत? ते तिला शोधायचं आहे.

या वादात कुणी जिंकलं नाही. साळगावच्या एका शेतकऱ्यानं आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, बरगं काढा, न्हाईतर घाला, पर आमच्या उसाची पाळी चुकवू नका.” तिथं दोघंही गप्प.

शुक्रवार

गडहिंग्लज तालुका. कुठला बंधारा ते भाचीच्या सांगण्यावरून लिहीत नाही, तिचे निष्कर्ष अजून छापायचे आहेत. ऊस थेट काठापर्यंत, मोटारींच्या पाइपांची रांग, कडेला जलपर्णीचा हिरवा पट्टा. कुणी एकानं केलेलं नाही हे. शेतातलं खत, घरांचं सांडपाणी, म्हशी धुणं, निर्माल्य, सगळ्यांचं मिळून.

ट्रेमध्ये ओतलं तर काळ्या चिखलात लाल दोरे वळवळत होते. ही डासांच्या नात्यातल्या एका माशीची अळी. लाल, कारण तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात तेच तिला तगवून धरतं. गुण दोन. बाटलीतला साका फिक्या चहाच्या रंगाचा. आकडा वहीत आहे.

काठावर जाळं सुकवत बसलेल्या म्हाताऱ्यानं वाम, मरळ, शिंगट्या अशी माशांची नावं एकापाठोपाठ सांगितली, आणि “आता नुसती चिलापी” म्हणून हात झटकले. विद्यार्थ्यानं नावं लिहून घेतली. कोणता मासा कोणत्या सालापर्यंत मिळायचा ते विचारलं. म्हातारा साल सांगेना, “थोरल्या पुराच्या आधी” म्हणाला. थोरला पूर म्हणजे 2005 चा की 2019 चा, यावर त्याचं आणि त्याच्या मुलाचं जुंपलं.

शनिवार

कोल्हापूर. प्रयोगशाळेत बाटल्या उतरवल्या, आणि मला वाटलं संपलं. भाची म्हणाली आता सुरू. एका चौरस फुटातले जीव कुळांप्रमाणे वेगळे करायला एका विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन दिवस लागतात, आणि असे नमुने पेटी भरून. बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायच्या, बाटल्या 27 अंशांवर तीन दिवस ठेवल्या; जगात बऱ्याच ठिकाणी 20 अंशांवर पाच दिवस ठेवतात, आपल्या हवेला हे मापन सोयीचं म्हणून आपल्याकडे ते रुळलं.

निघताना तिनं वही पुढं केली. बरगे नेमके कोणत्या तारखेला घातले आणि काढले, बंधाऱ्यागणिक, मागच्या जितक्या वर्षांचं मिळेल तितकं तिला हवं आहे. किडे परत यायला किती दिवस लागतात ते त्याशिवाय मोजता येणार नाही, आणि असला तक्ता कुठल्याही शोधनिबंधात मिळत नाही. मला माहीत आहे तो कुठं मिळेल. प्रत्येक शाखेत चौकीदाराची एक नोंदवही असते, बरगे किती घातले, किती गहाळ, पाणी किती फूट. त्यातल्या बऱ्याच उंदरांनी खाल्ल्या असतील. तरी घरी आल्या आल्या दोन जुन्या चौकीदारांना फोन लावले. एकानं उचलला नाही. दुसरा म्हणाला, “वही हाय माझ्याकडं, साहेब. पर तुमी आता रिटायर झालासा, मागता कुणासाठी?” किड्यांसाठी म्हटलं तर त्याला पटेना. सोमवारी जाऊन समजावतो.